दिवसा झोपण्याची विद्या

७ डिसेंबर १९७०, सोमवार

आज मला रात्रीचा पॅन मिळाला.

हे वाक्य लिहून दोनदा वाचलं. बरं दिसतं. सहा वर्षं मी या साखर कारखान्यात पॅनमनच्या हाताखाली काढली, आज पॅन माझ्या हाताखाली आला. ही वही कधी कुणी वाचलीच तर त्याच्यासाठी सांगून ठेवतो. पॅन म्हणजे एकावर एक दोन माणसं उभी राहतील एवढं उंच, बंद भांडं. त्यात उसाचा पाक आटतो आणि नेमक्या वेळी त्यात साखरेचा दाणा धरावा लागतो. ती वेळ कुठलं घड्याळ सांगत नाही. पॅनमन पितळी दांडीने थेंबभर पाक बाहेर काढतो, अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून तार ओढतो, काचेवर पसरून दिव्यापुढे बघतो आणि मग सांगतो, "आता." त्याच्या 'आता'वर शेकडो पोती साखर अवलंबून असते.

माझा बाप गुळव्या होता. आमच्या कर्जतकडे ऊस तो कितीसा, म्हणून बाप लोकांच्या गुऱ्हाळांवर जायचा. कढई कधी उतरवायची हे त्याच्या बोटांना कळायचं. ती बोटं त्याने मला दिली. जमीन भावाला गेली, बोटं मला आली आणि माझी काही तक्रार नाही.

रात्रीचा पॅन आजवर रंगनाथ मिस्त्रींकडे होता. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, दिव्यापुढची काच दिसत नाही. चीफ केमिस्ट साहेबांनी मला बोलावून अट घातली. बाकीच्यांची पाळी दर आठवड्याला बदलते, माझी बदलणार नाही. हंगाम संपेपर्यंत रात्री बारा ते सकाळी आठ. एकही पॅन नासला नाही तर पक्का पॅनमन. नासला तर पुन्हा हाताखाली.

घरी येऊन विमलला सांगितलं. वाटलं, तोंडात साखर घालेल. ती म्हणाली, "आन दिसा झोपायचं कुठं?" एक खोली, वर पत्रा, पदरात दहा महिन्यांची बनी. मी म्हणालो, "ज्याला झोपायचं त्याला कुठंबी झोप येती."

१० डिसेंबर

झोप दीड तास.

सकाळी नऊला आडवा झालो. पत्र्यावर कावळ्यांची सभा भरली. नळावर भांडी आपटू लागली. शेजारच्या छबूबाईने मिरच्या कांडायला घेतल्या. छबूबाई म्हणजे बॉयलरवरच्या भीमाची बायको, मनाने चांगली, पण मुसळ असं हाणते की मधली भिंत थरथरते. मग पोरांचा विटीदांडू. बाराला कल्हईवाला ओरडत आला तेव्हा मी उठून बाहेर गेलो आणि त्याला नको ते बोललो. तो म्हणाला, "मालक, दुपारचे बारा वाजल्यात. ह्या वक्ताला कोन झोपतं?" त्याचंही बरोबर होतं.

आत आलो तर बनीने भोकाड पसरलं. विमलने तिला उचललं आणि बाहेर निघून गेली. बराच वेळ आली नाही.

१७ डिसेंबर

विद्या सापडली! दिवसा झोपणं ही एक विद्या आहे आणि ती मी आठ दिवसांत साध्य केली.

घरी आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ. भाकरी अर्धीच. तळपायाला खोबरेल. डोळ्यांवर उपरण्याची चौपदरी घडी. मग शंभरपासून उलटे आकडे मोजायचे. आज ऐंशीपर्यंत आलो आणि जे झोपलो ते अडीचला जागा झालो. विमलने दारावर साखरेचं रिकामं पांढरं पोतं ओलं करून टांगलंय. उन्हासाठी असेल. तेवढंच गार वाटतं, पण खरं काम आकड्यांचं.

आमची चाळही गुणी आहे म्हणायची. चार दिवसांत कल्हईवाला फिरकला नाही. छबूबाईच्या मिरच्या संपलेल्या दिसतात. पोरांनाही शाळेची गोडी लागलेली दिसते, विटीदांडू ऐकू येत नाही. माणूस शिस्तीने वागला की सगळं आपोआप जमून येतं.

१ जानेवारी १९७१

झोप साडेपाच तास. आजवर पन्नासाच्या वर पॅन पाडले, एकही वावगा नाही. दाणा असा की पोत्यात हात घातला तर वाळूसारखा गळतो. माझ्या हाताखाली आता जालिंदर आहे. पोरगेलासा दिसतो, पण दोन लेकरांचा बाप आहे आणि हात हलका आहे. तो माझ्याकडे ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने मी सहा वर्षं मिस्त्रींकडे बघत होतो.

पहाटेच्या चहाला रातपाळीच्या सगळ्यांना माझी विद्या समजावून सांगितली. भीमा हसला. म्हणाला, "तुजी विद्या लई भारी, कानिफ. मलाबी अलीकडं झ्याक झोप लागती." मी विचारलं, आकडे मोजतोस का? तर म्हणे नाही. न मोजता झोप लागते म्हणजे त्याचा मूळ स्वभावच झोपाळू असणार.

एक गंमत लिहायची राहिली. रातपाळी माझी आणि पेंग विमलला. परवा भाकरी थापता थापता तिचा डोळा लागला, भाकरी तव्यावर कोळसा झाली. बनीला दात येतायत, रात्री थोडी किरकिरते म्हणे. पण दिवसभर ही घरात नसते, पाटाकडे बायकांत जाऊन बसते. मी उठतो तेव्हा घर रिकामं. बसू दे. तिलाही विरंगुळा हवा.

१४ जानेवारी, संक्रांत

आज माझं चुकलं, ते लिहून ठेवतो.

दरवर्षी आमच्या घरी हळदीकुंकू असतं. यंदा विमलने ते छबूबाईच्या घरी, तेही तिच्या मागच्या दारी ठेवलं; भीमाची या आठवड्यात दिवसपाळी आहे. मी उठल्यावर कळलं. म्हणालो, "लोक म्हनतील, पॅनमन झाला आन घराचं दार लावून घेतलं." ती म्हणाली, "घर बारकं पडतं हो." मी म्हणालो, "गेल्या साली हेच घर मोठं हुतं व्हय?" आवाज चढला. तिळगुळाची वाटी तिच्या हातात होती, ती तिने खाली ठेवली आणि बनीला घेऊन बाहेर गेली.

पूर्वी मला असा राग येत नव्हता. हल्ली बारीकसारीक गोष्टीवर डोकं तडकतं. गोडाचा वासही नकोसा झालाय, तिळगूळ तोंडात घालवेना. साहेबांनी काल सगळ्यांसमोर माझ्या साखरेचं कौतुक केलं, ते विमलला सांगायचं होतं. राहून गेलं.

२५ जानेवारी

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, वहीला सांगतो.

पहाटे चार ते पाच ही वेळ वाईट. दिवसा कितीही झोपा, त्या वेळी शरीर म्हणतं, आता पुरे. उभ्या उभ्या डोळा लागतो. परवा काच हातात धरून मी किती वेळ उभा होतो मला ठाऊक नाही. जालिंदरने "मिस्त्री" म्हणून हाक मारली तेव्हा दचकलो. मला कुणी मिस्त्री म्हणतं हे ऐकून बरं वाटलं.

त्यावर मी उपाय काढला. पेंग आली की दांडीवरचा गरम पाक थेट अंगठ्यावर घ्यायचा आणि चटका बसेपर्यंत धरून ठेवायचा. डोक्यात वीज चमकते. पुढची वीस मिनिटं माणूस लख्ख जागा. तंबाखू नाही, काही नाही. चार वाजता एक चटका, साडेचारला एक, पाचला एक. कुणालाही सुचला नसता असा उपाय आहे.

७ फेब्रुवारी

झोप पाच तास. पॅन शंभराच्या पुढे गेले. एकही नासला नाही.

किरकोळ गोष्टी होतात. काल संध्याकाळी उठून मी चूळ भरली आणि विमलला म्हणालो, "डबा भर, आठचा भोंगा व्हईल." तिने सांगितलं, सकाळी आठच्या भोंग्यालाच तर सुटून आलात, जेवून झोपलात, आता संध्याकाळ आहे. मी हसलो. तीही हसली, पण उशिराने. जालिंदरचं नाव एकदा आठवेना, त्याला "अहो" म्हणून हाक मारली. तो इतका खूश झाला की मी दुरुस्त केलं नाही.

अंगठ्याला फोड आले आहेत. विमलने विचारलं. वाफ लागली म्हणालो. तिने हळद आणि तूप लावलं. लावता लावता म्हणाली, "वाफ रोज त्याच जागी लागती व्हय?" मी पाठ फिरवून झोपलो.

१३ फेब्रुवारी

रंगनाथ मिस्त्री आता दिवसपाळीला नुसते देखरेखीला येतात. आज सकाळी पाळी सुटताना भेटले. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून ते माणसाचा हात हातात घेऊन बोलतात. माझा उजवा हात घेतला आणि अंगठ्यावरून त्यांचं बोट फिरलं.

"ह्ये काय रं?"

"घट्टा पडलाय, मिस्त्री. दांडीचा."

"चाळीस वर्सं दांडी धरली मी. मला न्हाई पडला ह्या जागी घट्टा."

मी हात सोडवून घेतला. म्हातारी माणसं शंकेखोर होतात. त्यांचा पॅन माझ्याकडे आला, हे थोडं मनात असणारच.

१७ फेब्रुवारी

निवडणूक आली. दहा वाजता मी ऐंशीच्या आकड्यापर्यंत पोचलो नव्हतो तोच जीपवरचा कर्णा चाळीच्या तोंडाशी बोंबलू लागला. बंधू आणि भगिनींनो वगैरे. मी म्हटलं, आज झोपेची वाट लागली. तेवढ्यात कर्णा वाक्याच्या मध्येच थांबला. बॅटरी बसली असणार. जीप गुपचूप निघून गेली आणि मी पावणेतीनला उठलो.

नशीब जोरावर आहे.

२० फेब्रुवारी, शनिवार

लिहवत नाही, तरी लिहितो.

काल रात्रीचा पॅन नासला. साडेचारला मी तार ओढली, मला वाटलं आली. खरं म्हणजे काही वाटलंच नाही. अंगठ्याला तार कळलीच नाही. लाकडावर पाक ठेवावा तसं झालं. जालिंदरला विचारायला नको म्हणून मी "आता" म्हणालो. वेळ निघून गेली होती. थोड्या वेळाने काच बघितली तर मोठ्या दाण्यांच्या मध्ये पिठासारखा बारीक दाणा उगवलेला. खोटा दाणा म्हणतात त्याला. तो मशीनच्या जाळीत बसतो आणि साखर धुतली जात नाही. पाणी घालून सगळं विरघळवलं, पुन्हा आटवलं. साडेतीन तास गेले. मागे पाक तुंबला, गाळप हळू करावं लागलं, गव्हाणीपुढे, म्हणजे ऊस आत टाकतात त्या तोंडाशी, उसाच्या गाड्या सकाळपर्यंत उभ्या. बैल तसेच जुंपलेले.

पॅनच्या वहीत कारण लिहावं लागतं. माझ्या हातात लेखणी होती. जालिंदर म्हणाला, "मिस्त्री, वाफंचा दाब पडला तरीबी आसा दाना येतो." ते खरं आहे. काल तसं झालं नव्हतं, पण येतो हे खरं आहे.

मी लिहिलं, 'वाफ कमी पडली.'

२१ फेब्रुवारी

त्या रात्री बॉयलरवर भीमा होता. त्याला मेमो मिळाला. तीन दिवसांत खुलासा दे, नाहीतर बॉयलरवरून काढून यार्डात ऊस उतरवायला टाकू. त्याने काटा बघितला होता, दाब पडला नव्हता, हे तो सगळ्यांना सांगत होता. मग मला भेटला. "चहा घेतो का?" एवढंच म्हणाला. मी नको म्हणालो.

शंभरपासून शून्यापर्यंत आलो. पुन्हा शंभरपासून मोजलं. झोप नाही.

२२ फेब्रुवारी, सोमवार

आज जे बघितलं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी बाराला झोपेचा नाद सोडला आणि बाहेर आलो. अडीच महिन्यांत मी या वेळी चाळीत उभा राहिलो नव्हतो. एक माणूस नाही, एक आवाज नाही. आमच्या दारावर पांढरं पोतं होतं. भीमाच्या दारावर होतं. पलीकडच्या दारावर होतं. मी मोजत गेलो, अकरा दारांवर पोती. अकराही घरांत रातपाळीचा माणूस. चाळीच्या तोंडाशी दोन बायका वाकळ शिवत बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्याच, जणू माझा नाही त्यांचाच गुन्हा झाला.

"ह्या बया, आवाज झाला का? जाग आली का तुमाला?"

मी विचारलं, विमल कुठाय? त्यांनी पाटाकडे बोट केलं.

पाट म्हणजे कालवा, चाळीपासून चांगला दोन शेतं लांब. तिथे लिंबाखाली आमची सगळी चाळ भरली होती. उखळं तिथे, धुणं तिथे, विटीदांडू तिथे. छबूबाई मिरच्या कांडत होती. आणि बुंध्याला टेकून विमल बसल्या बसल्या झोपली होती. तोंड उघडं, गाल आत गेलेले, डोळ्यांखाली काळं. माझ्या बायकोचा चेहरा मी केव्हापासून उजेडात बघितला नाही ते मला आठवेना. जुन्या लुगड्याची चिंधी तिच्या पायाला बांधलेली, दुसरं टोक बनीच्या कमरेला. चिंधी पाण्यापर्यंत पोचणार नाही एवढीच ठेवलेली. बनी माती खात मजेत बसली होती.

मी ओरडणार होतो. छबूबाईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, भावजी. आत्ताच डोळा लागलाय तिचा. रातभर पोरीचे दात, आन दिसा तुमची झोप. घरातलं सारवनं, भांडी सगळं ती रातीच उरकती, तुमी कामावर आस्ता तवा. मंग उजाडलं की पोरीला घिऊन हितं. तिला झोपायला पाळीच न्हाई."

मग तिने सगळं सांगितलं. विमल दुसऱ्याच आठवड्यात घरोघर गेली. कल्हईवाल्याला पलीकडच्या चाळीत जायला लावलं. पोतं म्हणजे 'इथे माणूस झोपलंय' ही खूण तिने काढली, मग बाकीच्यांनीही टांगली. चाळीच्या तोंडाशी रोज दोघींची पाळी लागते. त्या दिवशी जीप आली तेव्हा विमल बनीला काखेत घेऊन जीपच्या पुढे उभी राहिली. म्हणाली, "मतं देऊ, पर कर्णा बंद करा. रातभर साखर करनारी मानसं झोपल्यात."

बॅटरी बसली नव्हती.

छबूबाईने कांडणं थांबवलं. मुसळ हातातच होतं. मग अगदी सरळ विचारलं, "पॅनच्या वहीत तुमीच लिव्हता ना, भावजी? आमच्या ह्यांच्या नावाचं?"

मी हो म्हणालो.

तिने मान हलवली आणि पुन्हा कांडायला लागली. तिला कालपासून अंदाज होता. तरी आज ती उखळ डोक्यावर घेऊन दोन शेतं चालत आली होती, का, तर तिच्या नवऱ्यावर बालंट आणणारा माणूस झोपला असेल. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नाही. आणि मी भीमाला मुळात झोपाळू ठरवलं होतं!

मी बनीची चिंधी सोडली, तिला उचललं आणि विमल उठेपर्यंत तिथेच बसलो.

२३ फेब्रुवारी

पाळी सुटल्यावर घरी गेलो नाही. साहेबांच्या खोलीबाहेर थांबलो. आत रंगनाथ मिस्त्रीही होते. बरंच झालं, दोनदा सांगावं लागलं नाही.

म्हणालो, "साहेब, शुक्रवारी रात्री वाफ पडली नव्हती. भीमाचा दोष नाही. तार मला कळली नाही. अंगठा मेलाय माझा." आणि अंगठा कसा मेला तेही सांगितलं. चटक्यांचं ऐकून साहेबांनी चष्मा काढला. मिस्त्रींनी मात्र सगळ्यांदेखत मला शिवी हासडली.

"आरं येड्या! ज्या बोटानं खायाचं त्येच बोट भाजून खाल्लंस व्हय!"

साहेब म्हणाले, "अट आठवते ना?"

"आठवते."

"मग हे का सांगितलंस? भीमाने खुलासा दिला असता, प्रकरण मिटलंही असतं."

म्हणालो, "वही माझ्या हाताची आहे, साहेब. माझ्या हाताचा दाणा खोटा आला, तो विरघळवता येतो. अक्षर कसं विरघळवणार?" मग आणखी एक बोललो. न विचारता बोललो, पण बोललो. एका माणसाला अख्खा हंगाम रात्र देऊ नका. मी आणि जालिंदर आठवड्याने पाळी बदलतो. त्याचा हात चांगला आहे. मला हाताखाली ठेवलं तरी ही पाळी मात्र बदलती ठेवा.

साहेब म्हणाले, "बघू." भीमाचा मेमो त्यांनी माझ्यासमोर फाडला. मला अंगठा बरा होईपर्यंत दिवसपाळी.

बाहेर आल्यावर मिस्त्री माझा खांदा धरून चालू लागले. खाली आल्यावर म्हणाले, "मी तीन बार लिव्हलंय, वाफ कमी पडली म्हनून. चाळीस वर्सांत तीन बार. पोटात ठिवलं." आणि खांद्यावरची पकड घट्ट केली.

भीमाकडे गेलो. तो म्हणाला, "आता तरी चहा घे." प्यालो.

विमलला सांगितलं, जागा जाईल बहुतेक. ती बनीला पाजत होती. "भीमा भावजी सुटले न्हवं त्यातनं?" म्हणाली. "मंग झालं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमच्या घरचा मानूस स्वतःहून सायबाम्होरं गेला, म्हनून सांगनार हाय मी पाटावर समद्यांना."

६ मार्च

अंगठ्याची जुनी कातडी निघाली. खालची गुलाबी आहे, बनीच्या टाचेसारखी. आज सकाळी मिस्त्रींनी दांडीवरचा पाक निववून माझ्या अंगठ्यावर ठेवला. "वढ." ओढली. तार लांबली, बारीक झाली आणि तुटायच्या आधी किंचित थरथरली. ती थरथर मला कळली! बापाच्या कढईपाशी सात वर्षांचा असताना पहिल्यांदा कळली होती तशी. मला रडूच आलं. मिस्त्रींना दिसलं नाही, पण ऐकू आलं असणार. ते म्हणाले, "नाक पूस आन दाना धर."

धरला. सोन्यासारखा पडला.

२९ मार्च, सोमवार

हंगामाचे शेवटचे चार दिवस. साहेबांनी मला पॅन परत देऊन जालिंदरशी पाळी बदलती केली; या आठवड्यात रात्र माझी, पुढे यार्डात ऊसच नाही. जालिंदरने त्याच्या पाळीत एकही पॅन नासवला नाही आणि मी माझ्या. पहाटे चारला आता मी आणि माझ्या हाताखालचा माणूस पाळीपाळीने अर्धा तास बाकावर पाठ टेकतो, साहेबांच्या परवानगीने. मी वहीत तसं लिहितोही.

घरीही वाटणी केली आहे. रातपाळीच्या आठवड्यात नऊ ते एक मी झोपतो. एक ते पाच विमल, आणि बनी माझ्याकडे. पहिले दोन दिवस तिला झोपच येईना, दर घटकेला उठून बघायची पोरगी कुठाय. मी तिला आकडे मोजायला सांगितले. तिने माझ्याकडे असं बघितलं की आकड्यांचा विषय मी कायमचा सोडला. आता पडल्या पडल्या झोपते. थोडी घोरतेही. मला तो आवाज फार आवडतो.

मी उंबऱ्यावर बसून हे लिहितोय. आज दोनला चाळीच्या तोंडाकडून मोठ्याने हाक आली, "कानिफ! आरं ए कानिफ!" रंगनाथ मिस्त्री. शिपायाचा खांदा धरून, धोतर सावरत, जवळजवळ पळत. शिपायाच्या हातात कागद. मी बनीला काखेत मारून धावलो आणि पहिल्यांदा मिस्त्रींच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या गुरूच्या तोंडावर!

"हळू बोला, मिस्त्री. विमल झोपलीय."

शिपायाने कागद दिला. वाचला. पुढच्या हंगामापासून पक्का पॅनमन, मी आणि जालिंदर दोघेही, आठवड्याने बदलती पाळी. मिस्त्री माझ्या कानाला लागून कुजबुजले, "सायेब म्हनले, एक पॅन नासला त्याचा. पर हा चुकला तर सांगतो तरी." एवढं बोलून त्यांनी पदर नसल्यामुळे धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

बघता बघता बायका जमल्या. छबूबाईने कागद उलटा धरून बघितला आणि आनंदाने तोंडावर दोन्ही हात दाबले. भीमा बनियनवर झोपेतून उठून आला, काय झालं ते त्याला खुणेने सांगितलं, तर त्याने मला उचलूनच घेतलं, बनीसकट, आवाज न करता. चाळीस माणसं आमच्या दारापुढे हसत होती आणि एकाच्याही तोंडातून शब्द नव्हता. मग एकेक जण माझ्या पाठीवर थाप मारून, चपला हातात घेऊन निघून गेला.

आता साडेतीन वाजलेत. मी पक्का पॅनमन झालो हे अख्ख्या चाळीला ठाऊक आहे, एक विमल सोडून. पाचपर्यंत मी तिला उठवणार नाही.